शार्ल-अदॉल्फ वुर्ट्झ

शार्ल-अदॉल्फ वुर्ट्झ (२६ नोव्हेंबर १८१७ – मे १८८४) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. अमाइन संयुगे, वुर्ट्झ अभिक्रिया आणि एथिलीन ग्लायकॉल यांच्या शोधासाठी ते ओळखले जातात. मोटारी व मोटारसायकली यांच्या इंजिनांतील शीतकाचा (कूलंटचा) मुख्य घटक सहसा हेच ग्लायकॉल असते.

जीवन

वुर्ट्झ यांचा जन्म आल्सेस प्रांतात स्ट्रासबर्गजवळच्या वोल्फिसहाइम या गावी झाला. वडील ल्युथेरन पंथाचे धर्मोपदेशक होते व मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. मुलाचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. अखेर वैद्यकाच्या अभ्यासावर तडजोड झाली. १८४३ मध्ये त्यांनी स्ट्रासबर्ग येथे वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. दरम्यान गीसेन येथे लीबिग यांच्या प्रयोगशाळेतही त्यांनी काम केले होते. १८४४ मध्ये ते पॅरिसला गेले व द्यूमा यांचे साहाय्यक झाले. १८५३ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत त्यांना अध्यापनाची जागा मिळाली. १८६६ ते १८७५ या काळात ते तेथे अधिष्ठाता होते. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे प्रथम प्रवेश मिळाला तो याच काळात.

ग्लायकॉलचा शोध

ग्लायकॉलचा शोध योगायोगाने लागलेला नाही. साध्या अल्कोहॉलचा एक रेणू आम्लाच्या एका रेणूशी संयोग पावतो, तर ग्लिसरिनचा एक रेणू तीन रेणूंशी. मग दोन रेणूंशी संयोग पावणारे मधले अल्कोहॉलही असलेच पाहिजे, असा तर्क वुर्ट्झ यांनी केला. त्यांनी एथिलीन आयोडाइडवर सिल्व्हर ॲसिटेटची क्रिया केली आणि मिळालेल्या पदार्थाचे अल्कलीने विघटन केले. १८५६ मध्ये अपेक्षित द्रव हाती आला. तो ग्लिसरिन व अल्कोहॉल यांच्या मधला, म्हणून त्याचे नावही दोन्ही नावांचे तुकडे जोडून 'ग्लायकॉल' असे ठेवले गेले. १८५९ मध्ये त्यांनी एथिलीन ऑक्साइड तयार केले. आज कारखान्यांत ग्लायकॉल बनवतात ते याच ऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया घडवून.

वुर्ट्झ यांच्या हयातीत ग्लायकॉलला व्यवहारात फारसा उपयोग नव्हता. त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, १८८५ मध्ये, डाइमलर यांची पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी तयार झाली. तिचे इंजिन हवेनेच थंड होत असे. १८९४ च्या हिल्डेब्रांट व वोल्फम्युलर या मोटारसायकलीत पाण्याचा वापर होता आणि ते साठवण्याची टाकी म्हणजे मागच्या चाकाचा मडगार्डच होता. नुसते पाणी थंडीत गोठते आणि गोठताना प्रसरण पावून धातूला तडे पाडते. १९२० च्या दशकात यावर उपाय म्हणून ग्लायकॉल बाजारात आले.

येथेही मिश्रणाचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. शुद्ध ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंश सेल्सियसला गोठते. मात्र त्यात निम्मे पाणी घातले, की गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत उतरतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. त्यामुळे दाट शीतक न मिसळता भरल्यास संरक्षण वाढत नाही, उलट इंजिन अधिक तापते. महाराष्ट्रात गोठण्याचे भय लडाखला निघालेल्या दुचाकीस्वारालाच असले, तरी ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू वाढतो आणि शीतकातील गंजरोधके ॲल्युमिनियमचे भाग सांभाळतात, म्हणून साधे पाणी इथेही पुरेसे नाही. मिसळण्यासाठी ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणी लागते. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षारांचे थर साचतात. वेगवेगळ्या प्रकारच्या गंजरोधकांची शीतके एकत्र करू नयेत. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होऊन मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे लागते.

अणुवादाचा पुरस्कार

अणू खरोखर अस्तित्वात आहेत की ती केवळ सोयीची कल्पना आहे, हा त्या काळचा मोठा वाद होता. वुर्ट्झ अणुवादाचे फ्रान्समधील प्रमुख पुरस्कर्ते होते, तर बर्थेलो यांचा अणुवादाला विरोध होता. बर्थेलो यांच्या वजनामुळे फ्रेंच शिक्षणात अणुवाद उशिराच रुजला.

१८५८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील स्कॉटिश संशोधक कूपर यांनी कार्बनच्या चार संयुजांविषयीचा निबंध अकादमीपुढे मांडण्यासाठी त्यांच्याकडे दिला. वुर्ट्झ तेव्हा अकादमीचे सभासद नव्हते; विलंब झाला आणि तीच कल्पना केकुले यांच्या नावाने आधी प्रसिद्ध झाली. संतापलेल्या कूपर यांना प्रयोगशाळा सोडावी लागली व पुढे त्यांचे संशोधनच संपले. विलंबाचा सगळा दोष वुर्ट्झ यांना देणे योग्य नाही, पण पुढची वागणूक त्यांच्या थोरवीला शोभणारी नव्हती.

रसायनकोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी रसायनशास्त्राला फ्रेंच शास्त्र म्हटल्याने जर्मन शास्त्रज्ञ दुखावले. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सेस जर्मनीकडे गेला, त्यामुळे त्यांची जन्मभूमीच परदेश झाली.

१८८१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले व ते फ्रान्सच्या सिनेटचे सदस्य झाले. फ्रीडेल, ल बेल आणि व्हान्ट हॉफ यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते. पॅरिसमधील आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.