विश्लेषण : नोकरी गेली, सुगरण भेटली! सलीम अली पक्षीतज्ज्ञ कसे झाले?

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याची सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते, तर शेवट डॉ. सलीम अली यांच्या. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या अलींची पक्ष्यांशी ओळख मात्र बंदुकीतून झाली.

लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पाठवले. तेथे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखवला.

पदवी नाही, नोकरीही नाही

पुढे ब्रह्मदेशात कुटुंबाचा व्यवसाय सांभाळून झाला, पण तो काही जमला नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात गाइड-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशांअभावी ते पदच रद्द झाले होते.

मग अली पत्नी तेहमिनांसह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तेथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत होती आणि अलींकडे वेळच वेळ. नर घरटे अर्धवट विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तरच नर पुढचे काम पूर्ण करतो. ती अंडी घालून बसली, की हा दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो! अभियांत्रिकी शिकताना ग्राहकाच्या मंजुरीशिवाय पुढचा टप्पा नाही, हे आम्हाला सेमिस्टरभर शिकवले होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी अलींचे नाव झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले, नंतर डिलन रिप्ली यांच्यासह दहा खंड. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा.

भरतपूरचे काय झाले?

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव म्हणजे संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा. ही पाणथळ जमीन टिकावी म्हणून अली झटले. गुरांची चराई थांबली पाहिजे, असेही त्यांचे मत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराईबंदी आली. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलीस गोळीबारात ग्रामस्थांचे बळी गेले.

अलींच्या चरित्रातला हा भाग वाढदिवसाच्या लेखांत सहसा येत नाही. पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासात उलटे चित्र दिसले. म्हशी नसल्याने पास्पॅलम गवत माजले, उथळ पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. जून १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत अलींचे निधन झाले. पुढे ते गवत कापून नेण्यासाठी त्याच गावांतल्या लोकांना उद्यानात प्रवेश देण्यात आला.