कित्ता आणि हस्ताक्षर

‘नक्कल’ हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. ‘कित्ता’ या शब्दाला मात्र मान आहे. गुरुजींनी पाटीवर काढून दिलेली अक्षरे गिरवतच आपण सगळे लिहायला शिकलो, तरी प्रत्येकाचे हस्ताक्षर निराळे झाले. हे कसे घडते याचा विचार करताना मला जॉन सिंगर सार्जंट आठवतो.

सार्जंट अमेरिकन, पण जन्मला १२ जानेवारी १८५६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये. वडील फिलाडेल्फियातले डॉक्टर. पहिले मूल दगावल्यावर नवराबायको युरोपात आले ते तिथलेच झाले. बिऱ्हाड सतत पाठीवर. मुलाची शाळा धड झालीच नाही. पण हौसेने चित्रे काढणाऱ्या आईने त्याच्या हाती वही दिली. १८७४ साली, अठराव्या वर्षी, तो पॅरिसला कारोलुस-द्युराँ यांच्या चित्रशाळेत दाखल झाला.

हे गुरू म्हणजे व्हेलास्केथचे भक्त. व्हेलास्केथ सतराव्या शतकात स्पेनच्या राजदरबारी चित्रकार होता. आधी रेखाटन घोटायचे आणि मग त्यात रंग भरायचे, ही रूढ रीत गुरूंना पसंत नव्हती. चेहऱ्यावरची उजेड-सावली आधी डोळ्यांनी तोलायची आणि मग रंगाने भरलेला कुंचला थेट कॅनव्हासवर टेकवायचा, ही त्यांची शिकवण.

१८७९ साली सार्जंटने काढलेल्या गुरूंच्याच व्यक्तिचित्राचे पॅरिसच्या प्रदर्शनात कौतुक झाले. नाव होऊ लागले होते, गिऱ्हाइके येऊ लागली असती. पण त्याच वर्षी हा तेवीस वर्षांचा तरुण माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जाऊन व्हेलास्केथची चित्रे उतरवत बसला. त्यांत ‘लास मेनिनास’ हे १६५६चे चित्रही होते. मूळ चित्र तीन मीटरांहून उंच : मधोमध छोटी राजकन्या, भोवती दासी, कोपऱ्यात कुत्रा, मागे आरशात राजाराणी आणि खुद्द चित्रकारही. सार्जंटने त्याची लहान प्रत केली. जवळून पाहावे तर राजकन्येच्या झग्यावर नुसते फटकारे. चार पावले मागे सरावे तर रेशीम झळाळते. एवढ्या थोडक्यात हे कसे साधले, ते नुसते पाहून कळत नाही. तोच फटकारा आपल्या हाताने मारून पाहावा लागतो. काय रंगवावे याइतकेच काय सोडून द्यावे, हे तेव्हा उमगते. पुढच्या वर्षी तो हॉलंडमधल्या हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्सची चित्रे गिरवून आला.

१८८२ साली त्याने एडवर्ड बोइट या मित्राच्या चार मुली रंगवल्या. धाकटी बाहुली घेऊन जमिनीवर बसलेली, एक जण बाजूला उभी, दोघी थोरल्या मागच्या अंधाराच्या तोंडाशी. त्यांच्याहून उंच अशा दोन जपानी फुलदाण्या. टीकाकारांना त्यातली रिकामी जागा खटकली. मला छापील प्रतीतही ती रिकामी जागाच खिळवून ठेवते. तो अंधार माद्रिदहून आणलेला आहे. पण बालपण हातून निसटत चाललेल्या त्या मुलींचे मुकेपण सार्जंटचे स्वतःचे.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १८८४ साली मादाम गोत्रो यांच्या चित्रात खांद्यावरून ओघळलेल्या पट्ट्याने पॅरिसमध्ये गदारोळ झाला. पट्टा त्याने नंतर वर चढवला, पण १८८६ साली मुक्काम लंडनला हलवला. तिथे धनिकांची रीघ लागली. १९०७च्या सुमारास त्याने कंटाळून व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळजवळ थांबवले. १५ एप्रिल १९२५ रोजी तो गेला. त्यानंतर रॉजर फ्रायसारख्या समीक्षकांनी त्याला नुसता सफाईदार हात ठरवले. हात दुसऱ्याकडून घेतला की माणूस उसना होतो, असा काहीसा तो समज.

२०१० साली बोस्टनहून त्या चार मुली माद्रिदला गेल्या आणि प्रादोत ‘लास मेनिनास’शेजारी टांगल्या गेल्या. कित्ता आणि हस्ताक्षर एकाच दालनात. शिष्याच्या वाट्याला याहून कठीण परीक्षा कोणती येणार? माझ्या मते, तो तीत उतरला.