विश्लेषण : कवितेतली अक्षरे मोजणारे मार्कोव्ह तुमच्या फोनपर्यंत कसे पोहोचले?

उद्या नाशिकला पाऊस पडेल का, असे फोनला विचारले की उत्तर येते. मग नुसते, आणि परवा, एवढेच विचारले तरी बहुतेक वेळा नाशिकचेच हवामान ऐकू येते. यातली पहिली पायरी, म्हणजे आवाजातून शब्द ओळखणे, अनेक दशके ज्या गणितावर उभी होती, ते रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांचे. त्यांनी ना संगणक पाहिला, ना बोलणाऱ्या यंत्राचा विचार केला. त्यांना एक वाद जिंकायचा होता.

वाद कशावरून?

मार्कोव्ह यांचा जन्म १८५६ मध्ये रियाझानला झाला. लहानपणी पाय अधू असल्याने ते कुबड्या घेऊन चालत. पुढे सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात चेबिशेव्ह यांच्याकडे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. स्वभाव तापट. मॅक्सिम गॉर्की यांची अकादमीवरील निवड १९०२ मध्ये रद्द झाली, तेव्हा त्यांनी उघड निषेध केला. १९१२ मध्ये तर मला बहिष्कृत करा, असा अर्जच चर्चकडे दिला. तो मंजूरही झाला.

गणितातला वाद मॉस्कोच्या पावेल नेक्रासोव्ह यांच्याशी. नाणे हजारो वेळा उडवले की छापा निम्म्याच्या आसपास येतो. अशी स्थिर सरासरी दिसायची तर घटनांचा एकमेकींशी संबंध नसलाच पाहिजे, असे नेक्रासोव्ह यांचे मत. त्यावरून ते थेट माणसाच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत पोहोचत. मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक घटना आधीच्या घटनेवर अवलंबून असली तरी सरासरी स्थिरावू शकते. हीच मार्कोव्ह साखळी.

२० हजार अक्षरांची मोजदाद

१९१३ मध्ये त्यांनी पुश्किन यांच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य कादंबरीतली पहिली २० हजार अक्षरे हाताने मोजली. आज या कामाला दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे ४३ टक्के. पण स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण १३ टक्केच, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचे ६६ टक्के. पुढचे अक्षर मागच्यावर अवलंबून असते, हे आकड्यांतच दिसले.

१९१७ च्या टंचाईत ते झाराइस्क या छोट्या गावी गेले आणि तिथल्या शाळेत पगार न घेता गणित शिकवले. १९२२ मध्ये पेट्रोग्राडला त्यांचे निधन झाले.

मग फोनमध्ये काय चालते?

१९७० च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटाने ही साखळी आवाजाला लावली. मुसळधार या शब्दानंतर अस्पष्ट काही ऐकू आले, तर ते पाहुणा असण्यापेक्षा पाऊस असण्याची शक्यता जास्त, असा हा हिशेब.

मात्र साखळीची आठवण तोकडी. पुढचा शब्द ताडताना हा गट मागचे दोनच शब्द बघे. परवाचा प्रश्न येईपर्यंत नाशिक कितीतरी शब्द मागे पडलेले असते. म्हणून असिस्टंटना वेगळी नोंदवही द्यावी लागली : ठिकाण कोणते, दिवस कोणता, विचारले काय. नव्या प्रश्नात फक्त दिवस बदलला की बाकीचे रकाने तसेच ठेवायचे. आताची मोठी भाषिक मॉडेल्स मागचा संवादच नव्या प्रश्नासोबत पुन्हा वाचतात. तरीही मध्येच पुण्याचे नाव निघाले असेल, तर परवाचा पाऊस नाशिकचा की पुण्याचा, इथे त्यांची गडबड होऊ शकते.