ह्यू केर्न्स

चाकणच्या कारखान्यांतून नव्या कोऱ्या मोटारसायकली बाहेर पडतात. त्या चालविणाऱ्याने डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, घातले पाहिजे, असे आपल्या देशाचा १९८८ सालचा मोटार वाहन कायदा सांगतो. शिरस्त्राणाने प्राण वाचतात, हे हिशेब मांडून लोकांना पटवून देणारे शस्त्रवैद्य म्हणजे ह्यू केर्न्स.

केर्न्स यांचा जन्म १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या गावी झाला. वडील लाकूडकाम करीत. ॲडलेड येथे वैद्यकी शिकून ते शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. पुढे अमेरिकेत हार्वी कुशिंग या थोर गुरूंच्या हाताखाली त्यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियेची विद्या संपादन केली.

मे १९३५ मध्ये इंग्लंडात एक दुर्घटना घडली. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात नाव गाजविलेले लॉरेन्स मोटारसायकलवरून घरी परतत होते. समोर सायकलवर दोन मुले दिसली. त्यांना चुकविताना लॉरेन्स रस्त्यावर आदळले. त्यांचे डोके उघडेच होते. उपचारासाठी आलेल्या वैद्यांत केर्न्सही होते. सहा दिवस लॉरेन्स शुद्धीवर आले नाहीत. सहाव्या दिवशी त्यांचा अंत झाला. मोडलेले हाड सांधते, पण मेंदूची इजा पुष्कळदा भरून येत नाही. तेथे कुशल हातही थिटे पडतात, हे केर्न्स यांनी जवळून पाहिले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. शत्रूच्या विमानांच्या भीतीने ब्रिटनमधील रस्ते रात्री अंधारात बुडाले. लष्कराचे निरोप घेऊन जवान मोटारसायकली पिटाळीत आणि अपघातात सापडत. केर्न्स यांनी मृतांची मोजदाद केली. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर निदान २२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेले लोक दगावले होते! शिरस्त्राण घातलेले जखमी केर्न्स यांना अवघे सात आढळले. ते सातही जण वाचले. सात ही संख्या लहानच. परंतु केर्न्स यांनी तेवढ्यावरून निष्कर्ष काढण्याचे धैर्य दाखविले आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लष्कराने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. केर्न्स मात्र थांबले नाहीत. दर महिन्याचे मृत्यू ते युद्ध संपेपर्यंत नोंदवीत राहिले. नोव्हेंबर १९४१ नंतर तो आकडा उतरत गेला होता.

१९५२ साली केर्न्स कर्करोगाने निवर्तले. ब्रिटनमधील सामान्य नागरिकांना शिरस्त्राणाची सक्ती झाली, ती त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७३ मध्ये.