धर्मशाळांचे धनी नव्हे, झाडूवाले : संत गाडगेबाबा

वारीत दिवसभर चालून पाय भरून आले की रात्री पाठ टेकायला कोरडी जागा मिळणं म्हणजे काय, हे वारकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून दिंडीच्या शंभरीच्या या अंकात आम्ही गाडगेबाबांची आठवण काढतो आहोत.

बाबांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट घराण्यात त्यांचा जन्म झाला. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन भावाकडे दापुऱ्याला आली. दुसऱ्याच्या आसऱ्याला राहणं डेबूजीने असं लहानपणीच पाहिलं. मामाकडे त्याने गुरं राखली, शेतात राबला. आणि १९०५ साली भरल्या घरातून बाहेर पडला. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं, एवढाच संसार.

ज्या गावात जायचं ते गाव दिवसा झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. कीर्तनात सांगणं साधं: दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, पोरं शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका.

यात्रेला आलेली गोरगरीब माणसं बायका-पोरांसह उघड्यावर झोपतात, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीत त्या काळी अस्पृश्य म्हटलेल्या वारकऱ्यांना कुणी उंबऱ्याशीही उभं करत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली मुलांच्या वसतिगृहासाठी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. अंध-पांगळ्यांसाठी सदावर्तं घातली.

लाखोंचा कारभार झाला, पण बाबांनी स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. सगळं विश्वस्तांच्या हाती दिलं. घरच्यांचा त्यावर हक्क नाही, हे बजावून ठेवलं. पत्नी कुंताबाईही झोपडीतच राहिल्या. बाबा स्वतः मागून आणलेली भाकरी गाडग्यात खायचे नि झाडाखाली पडायचे. दुसऱ्याला छप्पर देणारा हा माणूस स्वतः बिनछपराचाच राहिला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, त्यांनी प्रवासातच देह ठेवला.

त्यांचं काम मात्र थांबलं नाही. आपल्या किन्हवलीकडचा माणूस कॅन्सरच्या उपचाराला परळच्या टाटा हॉस्पिटलात जातो. आसनगावहून गाडीने रोज जाणं-येणं आजारी माणसाला झेपत नाही, आणि मुंबईत भाड्याची खोली परवडत नाही. अशा घरांसाठी दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. देशभरातून आलेले रोगी नि नातेवाईक तिथे उतरतात.

मंडळी, वाटेवरच्या गावांनी शंभर वर्षं आपल्या दिंडीला ओसरी दिली, शाळा उघडून दिली, पाणी तापवून दिलं. ते ऋण वाटेवरच राहू नये. आपल्या गावात घर जळालेलं, वादळात पत्रे उडालेलं किंवा वीटभट्टीवरून परतलेलं कुटुंब लेकरांसह उघड्यावर दिसलं, तर त्याची जात, गाव विचारण्याआधी देवळाचा सभामंडप उघडावा, चूल पेटवून द्यावी आणि सकाळी तिथला झाडू आपणच हातात घ्यावा. बाबांच्या नावाने एवढं तरी आपल्याकडून घडो.