कॅरोलिन नॉर्टन : कायदा जिंकला, मुले दूरच

मूल कोणाचे? या प्रश्नाला 1839 पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात एकच उत्तर होते : बापाचे. औरस मुलावर आईचा काडीचाही हक्क नव्हता. मनुस्मृतीने स्त्रीचे स्वातंत्र्य नाकारले हे आपण सभा-संमेलनांतून सांगतोच. पण स्वतःला सुधारलेले म्हणवणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या देशातही विवाहित बाईला कायद्यापुढे स्वतंत्र अस्तित्व नव्हते. तो कायदा वाकवणारी बाई म्हणजे कॅरोलिन नॉर्टन.

त्यांचा जन्म 1808 सालचा, लंडनचा. नाटककार शेरिडन यांच्या त्या नात. नाव मोठे, पण घरात पैसा नव्हता. 1827 मध्ये एकोणिसाव्या वर्षी जॉर्ज नॉर्टन या वकिलाशी त्यांचे लग्न झाले. नवरा मारहाण करी. कॅरोलिन कविता, कादंबऱ्या लिहून संसाराला हातभार लावत. मात्र ती कमाईही कायद्याने नवऱ्याचीच!

1836 साली नवऱ्याने तिन्ही मुलगे घरातून हलवले. धाकटा विल्यम तीन वर्षांचाही झालेला नव्हता. पाठोपाठ त्याने थेट पंतप्रधान मेलबर्न यांच्यावर खटला भरला. पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याबद्दल दहा हजार पौंड भरपाई मागितली. ज्युरीने जागचे न उठता दावा फेटाळला. या खटल्यात अब्रू निघाली ती कॅरोलिन यांची, पण त्यांना ना पक्षकार होता आले, ना साक्ष देता आली. मेलबर्न सुटले. मुले मात्र परत आली नाहीत.

तेव्हा या बाईने कायद्याची पुस्तके वाचली आणि लेखणी हाती घेतली. पत्रके काढली, काही टोपणनावाने, तेही पुरुषाच्या. टॅलफर्ड नावाचे वकील-खासदार बाजूने उभे राहिले. 1838 मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने विधेयक पाडले, 1839 मध्ये ते मंजूर झाले. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्यांची भेट मागण्यासाठी आईला अर्ज करता येऊ लागला. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला तेवढेही नाही.

आणि कॅरोलिन यांच्या पदरात काय पडले? नवऱ्याने मुले स्कॉटलंडला नेऊन ठेवली होती. तिथे इंग्लंडच्या न्यायालयाचा हुकूम चालत नव्हता. ज्यांच्या दुःखातून कायदा जन्मला, त्यांनाच तो लागू पडेना. 1842 मध्ये विल्यम घोड्यावरून पडला, जखम चिघळली, आई पोहोचण्याआधीच तो गेला. त्यानंतर कुठे नवऱ्याने उरलेल्या दोघांना आईकडे येऊ दिले.

त्यांना क्रांतिकारक ठरवण्याची घाई मात्र करू नये. स्त्री-पुरुष समता आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी जाहीर सांगितले होते. अर्ज करायचा तोही लॉर्ड चॅन्सलरच्या न्यायालयात. गिरणीत राबणाऱ्या आईने तिथला खर्च कुठून करावा? वरच्या वर्गाच्या सुधारणेची ही मर्यादा आपल्या ओळखीची आहे. तरीही 1857 च्या घटस्फोट कायद्यावर त्यांच्या लिखाणाची छाप पडली. 1873 च्या कायद्याने वयोमर्यादा सोळावर नेली, व्यभिचाराची अट काढली. 1877 साली, दुसऱ्या लग्नानंतर काही महिन्यांतच, त्यांचे निधन झाले.

बापाला झुकते माप देणारा हाच विचार इंग्रजांनी 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात भारतात आणला. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात पालकत्वाचाही भाग होता. ते बिल रखडवले गेले आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. 1956 च्या कायद्यातही नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, मग आई असाच क्रम राहिला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे, आणि सर्वांच्या वर मुलाचे हित, एवढे मात्र त्यात आले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

वस्तीतली एखादी भगिनी मुलासाठी रडत येते, तेव्हा कार्यकर्ते समेटाची बैठक बसवतात आणि महिने जातात. तोवर मूल दुसऱ्या जिल्ह्यात जाते, तिथल्या शाळेत नाव घातले जाते आणि आईचा दावा अवघड होतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, तसेच अनुसूचित जातीचा बापसुद्धा, मोफत वकील मागू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो.