रेषेला हवी दरमहाची कसोटी

भामरागडच्या अरण्यात चित्रकथा रेखाटू पाहणाऱ्या मुलाला कलाशाळा दूर आहे. म्हणून त्याचा हात कच्चाच राहणार, असे मानणे चूक ठरेल. शंकरराव किर्लोस्करांचे चरित्र याची साक्ष देते. १८९१ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या शंकररावांनी चित्रकार होण्याच्या ध्यासाने लाहोर गाठले व पंडित सातवळेकरांकडे कलेचे धडे घेतले. पुढे ते काका लक्ष्मणरावांच्या कारखान्यात आले. औंध संस्थानातील माळावर १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत कलादालने नव्हती. होते नांगर, कामगार आणि शेतकरी. १९२० मध्ये तेथूनच त्यांनी मासिक सुरू केले आणि रूढी व अंधश्रद्धा यांवर व्यंगचित्रांतून प्रहार केले. ‘टाकांच्या फेकी’ हा त्यांचा संग्रह त्या साधनेचे फळ होय. १९७५ मध्ये ते निवर्तले.

गुरूने पाया घातला, परंतु रेषेला धार आली ती वाचकांपुढे वारंवार उभे राहण्याने. भामरागडच्या शाळांना चित्रकलेचा शिक्षक, पुरेसा कागद आणि दरमहा निघणारे भित्तिपत्रक एवढे तरी मिळालेच पाहिजे. गुणी मुलांना केवळ शाबासकी देऊन समाजाची जबाबदारी संपत नाही.